आवाज गेलाय वाटतं

एका लेखाच्या जोरावर माणूस आयुष्यभर समीक्षक राहू शकतो. एका मुलाच्या जोरावर बाप राहतो, तसा. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी उभ्या जन्मात एकच चित्रपट-परीक्षण लिहिलं होतं, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी, एका फिल्म क्लबच्या अंकात. त्या अंकाचे वाचक आणि लेखक ही साधारण तीच माणसं होती. पोटापाण्यासाठी ते वजनमापे खात्यात होते. दुकानोदुकानी जायचं, तराजू खरं बोलतोय की खोटं ते पाहायचं आणि शिक्का मारायचा. पण निवृत्त झाल्यावरही हात शिवशिवतात. शिक्का मारायला काहीतरी लागतं. त्यांनी तो जुना लेख बाहेर काढला, चारचौघांत दोन-तीनदा त्याचा विषय काढला, आणि सोसायटीने त्यांना थट्टेने ‘समीक्षक’ म्हणायला सुरुवात केली. थट्टेत शिवलेला सदरा कधीकधी फारच मापात बसतो. वर्षभरात ते टीव्हीवरची साबणाची जाहिरातसुद्धा हनुवटीला हात लावून बघू लागले.

लेख होता ‘मधली खिडकी’ या चित्रपटावर. कुठल्या बड्या कंपनीच्या आधाराशिवाय काढलेला, बक्षिसं मिळवलेला, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सर्वांत जास्त वाखाणलेला असा हा चित्रपट. एक घर, एक नवरा, एक बायको. ती खोलीत आली की तो गॅलरीत जातो. तो गॅलरीतून आला की तिला स्वयंपाकघरात काम निघतं. दोघांत वैर नाही, भांडण नाही. नुसता एक परकेपणा घरात तिसऱ्या माणसासारखा राहतोय. आणि शेवटची वीसेक मिनिटं तर विचारू नका. दोघं मधल्या खिडकीच्या दोन बाजूंना उभी राहतात, एकमेकांकडे बघतात, ओठ हलतात आणि आवाज येत नाही. शब्द नाही, श्वास नाही, पावलांची चाहूल नाही. हे समीक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी लिहिलं होतं: ‘ओठ हलतात, पण शब्द येत नाहीत; कारण जिथे खरी जवळीक असते, तिथे शब्द हे आगंतुक पाहुणे असतात.’ पुढे त्या चित्रपटाला संवादांसाठी पारितोषिक मिळालं. समीक्षक थक्क झाले. मौनाला संवादाचं पारितोषिक देणारे परीक्षक! काय ती नजर! एका मोठ्या वर्तमानपत्रात कुणीतरी ‘शेवटच्या खुसखुशीत संवादांनी मजा आणली’ असं लिहिलं होतं, ते वाचून मात्र ते दिवसभर हसत होते. चित्रपट न बघता परीक्षण लिहिणारे लोक असतात हे त्यांनी ऐकलं होतं. पण इतके उघडे पडतात हे माहीत नव्हतं.

त्या खेळाला बायको त्यांच्या शेजारीच बसली होती. ऐन मौनात ती कानाशी लागून काहीतरी पुटपुटली होती, आणि समीक्षक ‘श्श्’ म्हणाले होते. एवढंसं काय कोण लक्षात ठेवतं?

वाक्य नुसतं लिहून थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी ते घरात लागू केलं. बायकोने नवे पडदे शिवून लावले की ते पडद्यांकडे बघत, मग तिच्याकडे बघत आणि अतिशय खोल नजरेने गप्प बसत. त्या नजरेत कौतुक असे, कृतज्ञता असे, पडद्याच्या रंगसंगतीबद्दल एक बारीकशी सूचनाही असे. बायकोला पहिली काही वर्षं वाटायचं, यांचं पोट बिघडतं. मग तिने वाट बघणं सोडलं. ती बोलायची ते ताईशी, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीशी, फोनवर. संध्याकाळचा चहा झाला की फोन लागायचा आणि सोसायटीतल्या बारीकसारीक गोष्टींचं पारायण सुरू व्हायचं. समीक्षक तेव्हा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसत. नीट पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसली असती, की तासाभरात पान काही उलटलेलं नसे. पण नीट पाहणारं घरात कोण होतं?

तर ही ताई अलीकडे एकटी पडली होती आणि तिने बहिणीला बोलावलं होतं. बायकोने एका संध्याकाळी चहा ठेवता ठेवता सांगितलं, सोमवारच्या गाडीने ताईकडे जाते. किती दिवस ते बोलली नाही. ‘तिथे बोलायला माणूस आहे,’ एवढं म्हणाली.

‘नको जाऊस’ हे दोन शब्द होते. तिसरा लागत नव्हता. पण शब्द म्हणजे आगंतुक पाहुणे. ते खोल नजरेने बघत राहिले. बायकोने चहा गाळला आणि कप ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बातमी आणली, की ‘मधली खिडकी’ची जुनी रिळं कुणी धुऊनपुसून नवी केली आहेत आणि चित्रपट आता कुणालाही मिळतो. समीक्षकांना रस्ता दिसला. रविवारी हा चित्रपट सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा. निमित्त, एका श्रेष्ठ कलाकृतीचं नव्याने मूल्यमापन. ते वीस मिनिटांचं मौन बायको पुन्हा एकदा बघेल आणि इतकी वर्षं आपण तिच्याशी काय बोलत होतो ते तिला आपोआप कळेल. दोन शब्द वाचवण्यासाठी माणूस केवढा पसारा मांडतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि ह्या वळशात पहिल्याच वळणावर सेक्रेटरी उभे होते.

सेक्रेटरींचं म्हणणं असं, की नियमाप्रमाणे हॉल तीनच गोष्टींना मिळतो: सर्वसाधारण सभा, लग्न आणि शोकसभा. सर्वसाधारण सभेला आधी नोटीस लागते आणि माणसं जमावी लागतात. ती सोसायटीच्या जन्मापासून जमलेली नाहीत. लग्नाला दोन्ही पक्षांची सही लागते. शोकसभा तेवढी ताबडतोब मिळते, कारण मरण काही आगाऊ कळवून येत नाही.

“मग शोकसभा लिहा,” समीक्षक म्हणाले.

“कुणाची?”

समीक्षकांनी विचार केला. दिग्दर्शक हयात आहेत की नाहीत, माहीत नव्हतं. माणसाला विनाकारण मारायचं तर पाप लागेल. शेवटी, तो रकाना मोकळा सोडायचा असं दोघांत ठरलं. सेक्रेटरी अक्षराने मोठे आणि मजकुराने आखडते. संध्याकाळी फळ्यावर लागलं: ‘तिसरा मजला. रविवारी दुपारी शोकसभा. सर्वांनी यावे. आपापली खुर्ची आणावी.’ खुर्च्यांचं कारण असं, की हॉलच्या खुर्च्या कुलपात होत्या, कुलपाची किल्ली खजिनदारांकडे होती आणि खजिनदार गावाला गेले होते. पण शोकाकुल माणसाला इतका तपशील कोण सांगत बसणार?

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. पहिल्या मजल्यावरच्या काकू सकाळीच डोळ्यांना पदर लावून वर आल्या. दार समीक्षकांनी उघडलं. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि चेहऱ्यावर जे उमटलं त्यात आनंद होता असं म्हणवत नाही. रडायची तयारी करून आलेल्या माणसाची ऐनवेळी फार कुचंबणा होते.

“तुम्ही आहात होय,” त्या म्हणाल्या.

समीक्षकांनी आहे म्हणून सांगितलं. चित्रपटाचं सगळं समजावलं. काकू मान डोलवत होत्या, पण त्यांची नजर घरातल्या बोळात ठेवलेल्या दोन फुगलेल्या बॅगांवर खिळली होती. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं, की माणूस धडधाकट आहे, बायको मात्र चालली. आणि त्याच दुःखात बिचाऱ्याने सभा ठेवली आहे. कलेसाठी जेमतेम दहा माणसं आली असती. संसार मोडतोय म्हटल्यावर घरटी दोन माणसं येणार हे नक्की झालं. एक-दोघांनी तर जिन्यात समीक्षकांचा खांदा दाबला. एकाने सल्ला दिला, की बाईमाणसाला घरातली कपाटं बदलून हवी असतात, तेवढं करून बघा. दुसऱ्याने सांगितलं, काही करू नका, आपोआप येतात परत. त्याची स्वतःची अजून यायची होती.

प्रोजेक्टर दातांच्या डॉक्टरांचा होता. रुग्णाला त्याची किडलेली दाढ भिंतीवर दाराएवढी करून दाखवायची, म्हणजे तो फीबद्दल तक्रार करत नाही, यासाठी ते तो वापरत. स्पीकर व्यायामवर्गाच्या बाईंचा होता. एकाच वायरवर आवाजाचा सगळा डोलारा उभा होता, आणि ती वायर जरा ओढली की निघते, सांभाळा, असं बाईंनी बजावलं होतं. पडदा म्हणून सेक्रेटरींच्या घरचा पलंगपोस आला. त्याच्या मधोमध एक फूल विणलेलं होतं, ते मात्र काही उसवता येईना.

मग अंधाराचा प्रश्न आला. हॉलला मोठ्या खिडक्या आणि बाहेर उन्हाळ्याची टळटळीत दुपार. जाड पांघरुणं टांगायचं ठरलं. पण उन्हाळ्यात पांघरुणं खाली कुणाकडे असतात? सगळ्यांची माळ्यावर, दोरीने बांधलेली. दोन खिडक्या कशाबशा झाकल्या गेल्या, तिसरीला चटई लागली, चौथी उघडीच. समीक्षक हात चोळत घरी आले आणि बायकोला विचारलं, आपला तो निळा रग माळ्यावर असेल ना?

बायको काही न बोलता बोळात गेली. मोठ्या बॅगेची चेन उघडली. वरचे कपडे बाजूला केले आणि तळातून निळा रग काढून त्यांच्या हातांवर ठेवला.

आठ दिवसांसाठी जाणारी बाई उन्हाळ्यात रग नेत नाही. रग नेणारी बाई थंडी धरून निघालेली असते. समीक्षकांनी नोकरीभर वजनं हातात तोलली होती. पण तो रग घेऊन एकेक पायरी उतरताना त्यांना कळेना, की एवढीशी लोकर इतकी जड कशी लागते. काही बोलावं असं त्यांना पहिल्या मजल्यापर्यंत वाटत होतं. तळमजल्यावर सेक्रेटरी भेटले आणि राहिलं.

रविवारी हॉल भरला. खुर्च्या पाहण्यासारख्या होत्या: जेवणाच्या, अभ्यासाच्या, एक चाकांची, एक वेताची झुलती, आणि सगळ्या जिन्याने उतरवलेल्या, कारण लिफ्टमध्ये फर्निचरला बंदी. समीक्षकांनी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आणल्या होत्या. एकीवर बायको बसली. दुसरी तिच्या शेजारी रिकामी राहिली, कारण समीक्षक यंत्रापाशी उभे होते. काकूंनी येताना फुलं आणली होती. फोटो कुठे दिसेना, तेव्हा त्यांनी ती पलंगपोसाखाली वाहिली.

चित्रपटाआधी दारावर लेखाच्या प्रती वाटल्या गेल्या. लोकांनी त्या मनापासून घेतल्या आणि वारा घ्यायला सुरुवात केली. समीक्षकांनी प्रास्ताविक केलं. म्हणाले, आज आपण एका थोर कलाकृतीचं पुनर्मूल्यमापन करणार आहोत. या चित्रपटाचा शेवटचा भाग पूर्ण मूक आहे. त्या मौनातच सगळं आहे. तेव्हा खोकला, कुजबुज, खुर्चीची कुरकुर कृपया आधी उरकून घ्यावी. हे म्हणताना ते बायकोकडे बघत होते. बायको चौथ्या खिडकीवरच्या निळ्या रगाकडे बघत होती.

डॉक्टरांनी बटण दाबलं आणि पलंगपोसावर एक प्रचंड दाढ उमटली. आत काळं भुयार. सभा गंभीर झाली. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, सुरुवात प्रतीकात्मक आहे. ती दाढ डॉक्टरांनी घाईघाईने काढली आणि ‘मधली खिडकी’ सुरू झाली.

आता खरी गोष्ट अशी, की समीक्षकांना हा चित्रपट आठवत होता तो लेखातला. पडद्यावरचा वेगळाच निघाला. त्यांच्या आठवणीत नायक कवीसारखा हळवा होता. इथे तर एक सुखवस्तू माणूस होता, जो बायको आली की उठून गॅलरीत जायचा आणि तिथे जाऊन काही करायचाही नाही. बायकोने केस कापून घेतले, तो खोल नजरेने बघत राहिला. बायको आजारी पडली, त्याने तिच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवला आणि पेल्याइतकाच गप्प उभा राहिला. तरुणपणी समीक्षकांनी या पेल्यावर दीड परिच्छेद लिहिला होता. आता त्यांना त्या माणसाचा खांदा धरून हलवावंसं वाटत होतं: अरे, विचार की तिला, ताप किती आहे! अंधारात मागून कुणीतरी म्हणालं, “हे आपले तिसऱ्या मजल्यावरचेच.” कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

आणि मग ती खिडकी आली. दोघं दोन बाजूंना उभी राहिली. समीक्षकांनी श्वास धरला. सभेनेही धरला, कारण तसं सांगितलं होतं. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “पाणी आलंय का गं?”

समीक्षकांना आधी वाटलं, हे कुठल्यातरी घरातून आलं. मग पडद्यावरची बाई म्हणाली, “मघाशीच आलं. तू बादली लावलीस का?”

ते डॉक्टरांजवळ धावले आणि दबक्या आवाजात म्हणाले, तुमच्या दवाखान्याचं काहीतरी मध्येच लागलंय, आवाज बंद करा. डॉक्टर म्हणाले, अहो, चित्रपटातलाच आहे. समीक्षक म्हणाले, शक्य नाही, हा भाग मूक आहे, मी लिहिलंय. डॉक्टरांनी हातातल्या प्रतीकडे पाहिलं. खरंच लिहिलेलं होतं. छापील मजकुरापुढे शिकलेल्या माणसाचा इलाज चालत नाही. ते गोंधळलेले बघून समीक्षकांनी स्वतःच वायर ओढली. बाई म्हणाल्या होत्या तशी ती अलगद निघाली.

शांतता झाली. तीच ती. पडद्यावर ओठ हलू लागले आणि सभा आदराने बघत राहिली. काकूंनी तर आलेला खोकला पदरात दाबला. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही, की काही चुकतंय. किंवा वाटलं असेल, पण मौन कळत नाही असं चारचौघांत कोण कबूल करणार? समीक्षक हातात वायरचं टोक धरून उभे होते आणि त्यांचा जीव भांड्यात पडला होता. अब्रू वाचली होती. लेख वाचला होता.

तेवढ्यात अंधारातून, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारून, अगदी साधा आवाज आला.

“आवाज गेलाय वाटतं.”

बायको कुजबुजली नव्हती. आधणाचं पाणी उतू जातंय असं सांगावं, तशी म्हणाली. पण समीक्षकांना तो आवाज एकदम कानाशी आल्यासारखा वाटला. पातळसर, नवा, लग्नाच्या पहिल्या वर्षातला. तेच शब्द. तिने तेव्हा हेच म्हटलं होतं, आणि त्यांनी काय म्हटलं होतं?

गंमत बघा, तेच आत्ताही ओठांवर आलं होतं. ‘श्श्’मधला अर्धा ‘श’ दातांपर्यंत पोचलासुद्धा. तिथे तो अडला. त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. ओठ हलत होते, पण हे काही शब्दांना पाहुणे समजणाऱ्या माणसांचे ओठ नव्हते. ती दोघं घाईघाईने, एकमेकांचं तोडत, हातवारे करत बोलत होती. बाईच्या गालावर हसू होतं. इतक्या वर्षांपूर्वी ते हसू दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. लेखात त्याला ‘विदीर्ण स्मित’ म्हटलं होतं.

खात्यात असताना एक लबाडी ते लांबून ओळखत. पारडं ठीक, वजनं ठीक, काटा ठीक; फक्त दुकानदाराचं एक बोट नकळत पारड्याखाली टेकलेलं असतं. असे किती तराजू त्यांनी जप्त केले होते. आज बोट कुणाचं आहे ते बघायला त्यांना खाली हाताकडे बघावं लागलं. हातात वायर होती.

त्यांनी ती जागेवर लावली.

“…मला वाटायचं, तुला शांतता आवडते,” पडद्यावरची बाई म्हणत होती.

“मला वाटायचं, तुला,” माणूस म्हणाला.

बाईला हसू फुटलं. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. दाराची बिजागरी कुरकुरते ते तुला ऐकू येत नाही का, माझे केस कापलेले बरे दिसत नव्हते तर तोंड का उघडलं नाहीस, त्या दिवशी पाण्याचा पेला ठेवलास तेव्हा मला पाणी नको होतं, तू हवा होतास. तोही इरेला पेटला. तू दर वेळी आत निघून जातेस, मग मी काय भिंतीशी बोलू? म्हणून गॅलरीत जातोस? गॅलरीत निदान कबुतर तरी असतं! एवढ्यात बादली भरून वाहू लागली आणि दोघं एकमेकांवर ढकलाढकल करत नळ बंद करायला पळाली. सोसायटी खो खो हसली. काकूंचा दाबून ठेवलेला खोकला हसण्यातून बाहेर पडला. जवळीक आणि परकेपणा यांवरचा तो नावाजलेला गंभीर चित्रपट अशा रीतीने नळाखाली संपला. संवादांचं पारितोषिक संवादांनाच मिळालं होतं.

दिवे लागले. समीक्षकांना अपेक्षा होती, की आता आपल्याला सोलून काढतील. तसं झालं असतं तर दोन शब्द सुनावून बाणेदारपणे निघून जाता आलं असतं. पण लोक चांगले होते आणि चांगल्या लोकांसारखा ताप नाही. त्यांनी लेखाच्या प्रती नीट घडी घालून खिशात ठेवल्या आणि ‘छान कार्यक्रम झाला’ म्हणाले. फक्त सेक्रेटरींना शांततेत राहता येत नाही. ते म्हणाले, म्हणजे तुमच्या वेळी मशीन बिघडलं होतं तर. समीक्षकांनी होकार दिला. तेवढ्या एका होकारात सगळी कारकीर्द गेली. रजिस्टरमध्ये मात्र सेक्रेटरींनी लिहून ठेवलं, की शोकसभा उत्साहात पार पडली.

मग प्रत्येकाने आपापली खुर्ची डोक्यावर घेतली आणि वरात जिन्याने वर निघाली. समीक्षकांनी दोन्ही खुर्च्या घेतल्या. बायकोने निळा रग घेतला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडून, खुर्च्या टेबलाला लावून समीक्षक वळले, तर बायको बोळात बॅगेपाशी उभी. बॅग तशीच उघडी होती.

“हा कुठे ठेवू?” तिने विचारलं.

समीक्षकांनी सवयीने खोल नजरेने तिच्याकडे पाहिलं.

“डोळ्यांनी नको,” बायको म्हणाली. “तोंडाने सांगा.”

“कपाटात,” समीक्षक म्हणाले.

“का?”

“थंडीत लागेल.”

“थंडीत मी ताईकडे असेन.”

आता हे तिने उघड म्हटलं होतं. बॅगेत रग सापडणं निराळं आणि असं तोंडावर ऐकणं निराळं. समीक्षकांनी काहीतरी वजनदार वाक्य शोधलं. एकही सापडेना. आयुष्यातलं सगळं वजनदार त्यांनी त्या एका लेखात खर्च केलं होतं. मग जे सापडलं ते बोलले.

“तू ताईंशी फोनवर बोलतेस ना, तेव्हा मी पेपर वाचत नसतो,” ते म्हणाले. “ऐकत असतो. रोज. काकूंचं मांजर हरवलं तिथपर्यंत मला माहीत आहे. गुरुवारी तू फोन घेऊन आत गेलीस आणि दार लावलंस. पुढचं मला काहीच कळलं नाही. विचारणार कसं? विचारलं असतं तर ऐकतो हे कळलं असतं.”

बायकोने रग पोटाशी धरला.

“आणि तू जाऊ नकोस,” समीक्षक म्हणाले. “म्हणजे जा. ताईंना बरं वाटेल. आठ दिवस जा. पण रग नको नेऊस.”

एवढं बोलून ते दमले. जिना चढून दमले नव्हते तेवढे. बायकोने हातातल्या रगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “आवाज गेलाय म्हणून.”

“सांगितलं होतंस.”

“आणि तुम्ही मला गप्प केलंत.”

“हो,” समीक्षक म्हणाले. “आणि मग त्यावर लेख लिहिला.”

बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला विदीर्ण स्मित म्हणण्याचं धाडस आता त्यांना झालं नसतं. ती कपाटापाशी गेली. रग वरच्या कप्प्यात कोंबताना पाठमोरीच म्हणाली, ते मांजर ना, ते कुठे हरवलंच नव्हतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन झोपायचं. डॉक्टरांना माहीत होतं. काकू जिना खालीवर करत हाका मारत होत्या आणि हा बाबा तोंडातून अवाक्षर काढेना. का, तर खुर्चीत मांजर बघून पोरं रडायची थांबतात म्हणून.

तिने कपाटाचं दार लावलं आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय. पुढचं ताईसाठी राखून ठेवायचं. बाहेर फोन वाजायला लागला होता. ही ताईचीच वेळ.

समीक्षकांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, बसले, आणि आयुष्यातलं दुसरं परीक्षण एका शब्दात केलं.

“मग?”